निळ्या ताडपत्रीपलीकडे

आईच्या खोलीतली खिडकी बाहेरून पाहिली तर घरातली सगळ्यात धडधाकट वस्तू वाटावी अशी होती. दरवर्षी तिला रंगाचा एक हात मिळे, आणि तो देणारा थोरला मुलगा असल्यामुळे त्या रंगात कुठे ओघळ नव्हता, कुठे ब्रशचा केस चिकटलेला नव्हता. अशी खिडकी एके संध्याकाळी आपण होऊन खाली बसली. म्हणजे पडली वगैरे नाही. एक तावदान जरा तिरकं झालं, झडप बिजागरीवर लोंबली, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीतून मूठभर ओला भुसा आईच्या उशीवर सांडला.

थोरल्याने स्क्रूड्रायव्हर आणून पट्टीत टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. रंग तेवढा शिल्लक होता. आतलं लाकूड केव्हाच निघून गेलं होतं.

"कधीपासून पाणी येतंय इथून?" त्याने आईला विचारलं.

"येतं आपलं थोडंथोडं," आई म्हणाली, आणि उशीखालून एक घडी घातलेला जुना टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. टॉवेल ओला होता. गादीची कडही ओली होती. हे टॉवेल आळीपाळीने वाळत घालायचं काम ती अंथरुणाला खिळायच्या आधीपासून करत असावी. पण रंग इतका छान दिला होता की लेकाचं मन कशाला मोडा, असा तिचा हिशेब.

थोरला एका कुलुपांच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता. समोर आलेल्या वस्तूत काय चुकलंय ते शोधायचं आणि ती परत पाठवायची, हे काम त्याने इतकी वर्षं इतक्या मनापासून केलं होतं की कारखान्याबाहेरही त्याला दुसरं काही करता येत नसे. हॉटेलात तो चहा परत पाठवी. न्हाव्याकडून कल्ले पुन्हा मोजून घेई. त्याच्या लग्नाचंही तसंच झालं. पुष्कळ जणी पाहिल्या, प्रत्येकीत काही ना काही निघालं; पुढे पुढे मुलींकडच्यांनीही बारकाईने तपासणी सुरू केली आणि मग विषयच मिटला. घरात राहिले तो आणि आई. धाकटी बहीण लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि आई आजारी पडल्यापासून रोज दुपारी डबा घेऊन येत होती.

आईचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाहेरच्या खोलीत बोलावून, "आता त्यांना आवडेल ते करू द्या," असं सांगितलं होतं. डॉक्टर असं प्रेमाने बोलायला लागले की माणसाने काय ते समजून घ्यायचं असतं.

आईला आवडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. जेवण दोन घासांवर आलं होतं, टीव्हीचा आवाज सोसत नव्हता. उरली होती खिडकी. तिची खोली घराच्या मागच्या अंगाला होती आणि खिडकीतून दिसे तो मागचा बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं एवढा. पलीकडे समोरच्या इमारतीची पाठ, पाइप, वाळत घातलेले कपडे आणि बरोब्बर समोर एक खिडकी. त्या खिडकीत एक म्हातारा बसे. घरातल्या घरात टोपी घालून बसे म्हणून आईने त्याचं नाव टोपीवाला ठेवलं होतं. दोघांचं उभ्या जन्मात एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. सकाळी तिने पडदा सारला की त्याने मान हलवायची, संध्याकाळी तिने सारला की पुन्हा. एवढ्यावर अनेक वर्षं छान चाललं होतं.

रात्री जेवताना आई त्याचे समाचार सांगे. टोपीवाल्याला खोकला झालाय. टोपीवाल्याने नवी टोपी आणलीय, पण कानावर येतेय. थोरला "हं" म्हणे. हा "हं" त्याने रेडिओसाठी आणि आईसाठी एकच ठेवला होता. तो स्वतः त्या खिडकीतून कधी बाहेर बघत नसे. खिडकी म्हणजे त्याच्या लेखी वर्षातून एकदा रंगवायची वस्तू होती, आणि रंगवताना माणूस लाकडाकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीवरून भावंडांची जुंपली.

"दादा, अ‍ॅल्युमिनियमची बसव आणि मोकळा हो," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे बसवली तेव्हा मी भात लावला होता. भात व्हायच्या आत खिडकी झाली."

"तुमच्या खिडकीतून वारा शिट्टी मारतो."

"मारू दे. तेवढंच कुणीतरी शिट्टी मारतं आमच्या घरात."

"या घराला लाकडाचीच शोभते. अशीच्या अशी करायची. हीच गोलाई, हाच सांधा. आईला हीच खिडकी पाहिजे."

"असं आई म्हणाली?"

"सगळंच काय म्हणायला लागतं?"

धाकटीने आत जाऊन आईलाच विचारलं. आई म्हणाली, "मला बाहेरचं दिसल्याशी मतलब. चौकट सोन्याची करा नाहीतर पुठ्ठ्याची." धाकटीने भावाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. थोरला म्हणाला, "बघ, म्हणजे तिची काही हरकत नाही." आणि तो मिस्त्रीला बोलवायला गेला.

मिस्त्री हा वल्ली माणूस होता. कानामागे पेन्सिल, तोंडात खिळे, आणि खिळे तोंडात असतानाही अखंड बोलणं. त्याने चौकटीत बोट घातलं, आतलं चिमूटभर बाहेर काढून चोळलं आणि म्हणाला, "साहेब, याला लाकूड म्हणू नका. हा चहात बुडवलेला पाव आहे."

"नुसती खालची पट्टी बदलून चालेल?"

"चालेल की. मग पुढच्या वर्षी डावी बदलू, त्याच्या पुढच्या वर्षी उजवी. माझं काही म्हणणं नाही, माझी खाणारी तोंडं पुष्कळ आहेत." मग त्याने खिळे तळहातावर थुंकले. "सगळीच काढा, साहेब. ही मी घेऊन जातो. हिच्या मापानं, हिच्याच घाटाची नवी करतो. आठवड्यात आणतो."

"नक्की?"

"मी कधी तारीख चुकवलीय का?"

थोरला त्याला पहिल्यांदाच काम देत होता.

त्याने साठलेली रजा टाकली. कामावर देखरेख पाहिजे, असं त्याने साहेबांना सांगितलं. आईचं सांगितलं नाही. मिस्त्रीने चौकट भिंतीतून सुटी केली तेव्हा ती निम्मी हातात आली आणि निम्मी बोळात पडली. भिंतीला मोठं भगदाड पडलं. आईचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवू या, असं दोघांनी परोपरीने सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. "मी इथनं हलले तर पुन्हा इथे आणायला तुम्हाला जमायचं नाही," एवढंच म्हणाली. मग मिस्त्रीने भगदाडावर निळ्या प्लॅस्टिकची ताडपत्री लावली. थोरल्यासमोर लावायची म्हटल्यावर ती चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून, घट्ट ताणून लावावी लागली. वारा तर सोडाच, उजेडाचा कवडसासुद्धा तिच्या कडेने आत येत नव्हता. खोलीत सगळं निळं झालं: भिंती, पाण्याचा तांब्या, आईचा चेहरा.

थोरला पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसला. देखरेख करायला आता खोलीत काही नव्हतं, पण रजा तर टाकली होती.

आई ताडपत्रीकडे बघत पडली होती. मग म्हणाली, "आज आभाळाला घडी पडलीय."

थोरल्याने तिकडे पाहिलं. ताडपत्रीच्या घड्यांच्या रेघा खरंच दिसत होत्या. पण ती त्याला आभाळ समजत होती. नजर गेली, का डोकं चाललं, हे त्याला कळेना. ही ताडपत्री आहे, असं न सांगता त्याने तिचं पांघरूण सारखं केलं.

"टोपीवाला काय करतोय बघ रे," आई म्हणाली.

थोरला उठला. ताडपत्रीसमोर उभा राहिला. पट्ट्या त्याने स्वतःच आणखी खिळे मारायला लावून पक्क्या केल्या होत्या. फट शोधूनही सापडली नसती. आयुष्यात त्याने खोटा शेरा कधी मारला नव्हता. त्याने घसा साफ केला.

"पेपर वाचतोय."

आईने उशीवर डोकं वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "हो का? वाचतोय?"

"हो."

"टोपी कुठली आज?"

"तपकिरी."

"बरी दिसते?"

"बरी दिसते. जरा कानावर येते."

आई हसली. ती हसली की आता तिला धाप लागे, म्हणून हसणं थोडक्यात आटोपून तिने डोळे मिटले. थोरल्याला वाटलं, बरं झालं, फसली.

त्या दिवसापासून हा परिपाठच पडला. सकाळी चहा झाला की आई विचारी, "आलाय का?" आणि थोरला ताडपत्रीसमोर उभा राहून समोरच्या खिडकीचा अहवाल देई. सुरुवातीला तो कारखान्यातल्या शेऱ्यांसारखा तुटक होता. खिडकी उघडी. इसम बसलेला. टोपी घातलेली. पण आई सोडत नसे. चहा घेतोय का? कपात घेतोय का बशीत? चष्मा दोरीने बांधलाय का अजून? अशा उलटतपासणीला माल अपुरा पडू लागला तेव्हा थोरला तो तयार करायला लागला. त्याने टोपीवाल्याला एक मांजर आणून दिलं. ते मांजर पेपरवर बसायचं, नेमकं टोपीवाला वाचत असलेल्या पानावर. मग एक कावळा आणला. कावळ्याचं आणि टोपीवाल्याचं चष्म्याच्या दोरीवरून भांडण झालं आणि ते दोन दिवस पुरलं.

"मग?" आई विचारी.

"मग काय, त्याने कावळ्याला पेपर फेकून मारला. आता पेपर खाली बोळात पडलाय आणि मांजर त्याच्याकडे अशा नजरेने बघतंय की..."

"की काय?"

"की वाचून व्हायचं होतं माझं."

आई धाप लागेपर्यंत हसली. थोरल्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. आपण एवढं बोलू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळची खुर्ची दुपारपर्यंत हलेनाशी झाली. अहवाल संपला की आई काही जुनं सांगे: तो लहान असताना त्याने वर्गातल्या फळ्याची फ्रेम वाकडी आहे म्हणून मुख्याध्यापकांना सांगितलं होतं ते, आणि मुख्याध्यापकांनी त्याला बाकावर उभं केल्यावर बाकही डुगडुगतोय असं तो म्हणाला होता ते. मग पुन्हा समोरच्या खिडकीकडे वळे.

"खोकला गेला का रे त्याचा?"

"गेला. एकदम ठणठणीत आहे."

"जाणारच," आई म्हणाली. "आता कसला खोकला."

आठवडा उलटला तरी मिस्त्री आला नाही. थोरल्याने फोन केला तर लाकूड अजून ओलं आहे, असं कळलं. पुन्हा केला तर मिस्त्रीच्या मेव्हण्याचा पाय मोडला होता. एका माणसाला इतके मेव्हणे असतात आणि त्या सगळ्यांची हाडं इतकी ठिसूळ असतात, हे थोरल्याला नवीन होतं. दुपारी धाकटी आली की ताडपत्रीकडे बघे, भावाकडे बघे आणि डबा जरा जोरात आपटून ठेवी.

"गुहेत ठेवलंय तू तिला, गुहेत. चेहरा बघ कसा दिसतो."

"ताडपत्री निळी आहे म्हणून तसा दिसतो."

"हो का? मग ती काढल्यावर गुलाबी दिसेल ना?" आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरून आली.

अखेर एके दिवशी सकाळी टेम्पो दारात थांबला. मिस्त्रीने आणि ड्रायव्हरने मिळून नवी चौकट उतरवली आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी केली. खरोखर देखणी झाली होती. तीच गोलाई, तोच सांधा, रंध्याखालून नुकत्याच निघालेल्या लाकडाचा घरभर वास. आतून आईचा आवाज आला, "आली का रे?"

"आली, आली," थोरला म्हणाला, आणि गुडघ्यावर बसला.

त्याने वरच्या पट्टीवरून तळहात फिरवला. डाव्या, उजव्या बाजूवरून फिरवला. मिस्त्री खिळे तोंडात धरून वाट बघत होता. खालच्या पट्टीच्या मध्यावर थोरल्याचा हात थांबला.

"ही गाठ आहे."

"कुठे?"

"ही. आतल्या अंगाला."

मिस्त्रीने वाकून पाहिलं. "असेल. साहेब, गाठ म्हणजे काय, झाडाला तिथं फांदी होती. झाडाला फांद्या असतात."

"गाठीपासून लाकूड फाटतं. पाणी शिरतं."

"लांबीचा लगदा भरून बुजवतो, वरून रंग दिला की देवालासुद्धा दिसणार नाही."

"रंगाखाली दिसत नव्हतं म्हणूनच आधीची कुजली." थोरला उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कारखान्यातला भाव आला होता. "खालची पट्टी दुसरी टाका. बिनगाठीची."

"अहो, आज बसवली तर दुपारी झडपा लागतील. म्हातारीला संध्याकाळचं ऊन..."

"दुसरी टाका."

मिस्त्रीने तोंडातले खिळे काढले. ते एकेक करून खिशात टाकले. चौकट पुन्हा टेम्पोत चढली. दार लावल्याचा आवाज झाला. थोरला आत गेला तर आई उशीला टेकून बसली होती. तिने केस हाताने सारखे केले होते.

"परत का गेली?"

"गाठ होती लाकडात."

"मोठी?"

त्याने अंगठ्याचं नख दाखवलं. "एवढी."

आई त्याच्या अंगठ्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मग हळूहळू खाली सरकून पहिल्यासारखी आडवी झाली. "बरं," ती म्हणाली. "तू बघितलंस म्हणजे नीटच बघितलं असशील."

दुपारी धाकटीला हे कळलं तेव्हा ती भांडलीसुद्धा नाही. "निर्यात करायचीय का तुला ती खिडकी?" एवढंच म्हणाली, आणि चप्पल घालताना अंगठ्यात पाय जाईना म्हणून तिथेच जिन्यात बसून रडली. थोरला दारात उभा होता.  "चांगली झाल्यावर तूच म्हणशील," असं काहीतरी तो म्हणाला, आणि ते त्याला स्वतःलाही नीट ऐकू गेलं नाही.

त्यानंतर आईचे प्रश्न कमी झाले. झोप वाढली. जागी असली की मात्र नजर ताडपत्रीकडे, आणि मग एक बोट उचलून ती तिकडे दाखवी, म्हणजे अहवाल सुरू. थोरला आता विचारायची वाटही बघत नसे. मांजराला पिल्लं झाली. कावळ्याने माफी मागितली. एकदा बोलण्याच्या भरात तो म्हणाला, "आज त्याने तुझी चौकशी केली. हात वर करून."

आईने डोळे उघडले. "मला बोलावलं का?"

"बोलावलं? नाही. नुसता हात केला."

"मग अजून आहे वेळ," आई म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

थोरल्याला ते बोलणं आवडलं नाही. भ्रम वाढतोय, असं त्याने धाकटीला बाहेर नेऊन सांगितलं. धाकटी भावाकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिली. "आईला? भ्रम? काल मला विचारत होती, तुझ्या नणंदेने नेलेला कुकर परत दिला का. मीसुद्धा विसरले होते."

मग एके दिवशी सकाळी आईला जरा हुशारी वाटत होती. दोन चमचे पेज घेतली. "आज काय?" तिने विचारलं.

थोरला ताडपत्रीसमोर उभा राहिला. बाहेर वारा असावा. ताडपत्री आत येत होती आणि बाहेर जात होती. "आज उकडतंय वाटतं त्याला," तो म्हणाला. "टोपी काढून बसलाय."

"टोपी काढली?" आईचे डोळे लकाकले. "टक्कल आहे?"

"चांगलं गुळगुळीत. मिस्त्रीने रंधा मारल्यासारखं."

"बघ. इतकी वर्षं समोर बसला, मला नाही दाखवलं. तुलाच दाखवलं." ती हसली. धाप लागली तरी हसत राहिली. मग म्हणाली, "तू ये जाऊन त्या मिस्त्रीकडे. सारखा माझ्यापाशी बसतोस. मला बरं वाटतंय, पण तुझी खिडकी राहिली."

तेव्हा त्याला हे सरळ वाटलं. तो धाकटी यायची वाट बघून, ती आल्यावर मिस्त्रीच्या कारखान्यात गेला. चौकट दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती, तिला रंगाआधीच्या अस्तराचा पांढरा हात दिलेला होता. "बसवायलाच निघालो होतो," मिस्त्री म्हणाला. थोरल्याने चष्मा लावला, वाकला, आणि वरच्या पट्टीपासून सुरुवात केली. तो डाव्या बाजूच्या सांध्यापर्यंत आला असताना खिशातला फोन वाजला. एका हाताने सांधा चाचपत त्याने दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

धाकटीचा फोन होता. नुसतं, "दादा," म्हणत होती.

तो भुशातून चालत बाहेर आला, तसाच रस्त्याने निघाला, आणि घर येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही की पांढऱ्या अस्तराची पाच बोटं त्याच्या शर्टावर उमटली आहेत. आई भिंतीकडे तोंड करून, म्हणजे ताडपत्रीकडे तोंड करून, कुशीवर झोपलेली होती. धाकटी म्हणाली, "झोपेतच. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात." पाण्याचा पेला अजून तिच्या हातात होता.

माणसं आली, गेली. जो तो ताडपत्रीकडे बघे आणि काम काढलंय वाटतं, असं म्हणे.

सगळं आटोपल्यावर मिस्त्री न बोलावता आला. त्याने पट्ट्या उचकटल्या, ताडपत्री काढून घडी घातली आणि चौकट बसवायला घेतली. तोंडात खिळे होते, पण बोलणं नव्हतं. धाकटी जमिनीवर बसून आईचे कपडे आवरत होती. थोरला पलंगाच्या कडेला बसला होता. गादी काढून टाकलेली होती. खोलीत पांढराशुभ्र उजेड आला होता आणि त्यात सगळ्या वस्तू होत्या त्याहून जुन्या दिसत होत्या.

झडपा लागल्या. मिस्त्रीने एक उघडून, लावून दाखवली. एका बोटाने लागली. बाजूला होऊन तो उभा राहिला, निकालाची वाट बघत.

थोरला उठला. सवयीने त्याचा हात खालच्या पट्टीवरून फिरला. आतल्या अंगाला गुळगुळीत. मग बाहेरच्या अंगाला बोटं गेली आणि मध्यावर थांबली. अस्तराखाली, लांबीखाली, अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी होतं. पट्टी तीच होती. फक्त उलटी बसवली होती.

मिस्त्री जमिनीकडे बघत होता.

"ठीक आहे," थोरला म्हणाला.

मिस्त्रीने मान वर केली. "साहेब, मी..."

"चांगली झालीय." आणि त्याने हात काढून घेतला.

मिस्त्री हत्यारं गोळा करून गेला. थोरल्याने दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बोळ त्याला वाटला होता त्याहून अरुंद होता. समोरची खिडकी इतकी जवळ की हात लांब केला तर पोचेल. तिला पिवळे पडदे होते. आतून लहान मूल रडल्याचा आवाज येत होता. गजांना बांधलेल्या दोरीवर एक तरुण बाई लंगोट वाळत घालत होती.

"टोपीवाला कुठे गेला?" त्याने विचारलं.

"कोण?"

"समोरचा. टोपीवाला."

"गेला की तो," धाकटी कपड्यांतून मान वर न करता म्हणाली. "मागच्या थंडीत. पलीकडे नवीन माणसं आली त्यालाही आता कितीतरी दिवस झाले. आईने याच खिडकीतून बघितलं, त्याला नेताना. मला त्या दिवशी दुपारी फोन करून रडली. तुलाही सांगितलं म्हणाली, जेवताना."

"मला?"

"हो. तू म्हणालास, अरेरे. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणालास." तिने एक शाल झटकली, घडी घातली. "का रे?"

 खिडकीची खालची पट्टी थोरल्याने दोन्ही हातांनी धरली होती. आता कसला खोकला. मला बोलावलं का. मग अजून आहे वेळ. त्याने आणून दिलेलं मांजर, त्याची पिल्लं, तो कावळा, आणि रोज सकाळी उशीवर डोकं वळवून, सगळं ठाऊक असलेल्या चेहऱ्याने विचारणारी आई: मग?

"दादा? बरा आहेस ना?"

"आहे."

"चहा टाकते." धाकटी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, नळाचा आवाज आला. समोरच्या बाईने त्याला बघितलं. इथे कुणी माणूस उभा असायची तिला सवय नसावी. ती जरा गोंधळली, आणि मग तिने मान हलवली. बहुधा ही तिला आईनेच लावलेली सवय असावी. थोरल्यानेही हलवली. जरा उशिराच.

"काय करतोयस रे?" धाकटीने आतून विचारलं.

"बघतोय."

"काय?"

त्याने चष्मा नीट केला. घसा साफ केला. 

"समोर एक बाई आहे," तो म्हणाला. "कपडे वाळत घालतेय. तिला चिमटे कमी पडतायत."